मेल एक, यंत्रं चार: खरी प्रत कुठे राहते?

फोनवरून दिलेलं उत्तर लॅपटॉपच्या 'सेंट'मध्ये सापडत नाही. ऑफिसात वाचून हातावेगळे केलेले मेल घरच्या कॉम्प्युटरवर पुन्हा ठळक अक्षरांत दिसतात, जणू कुणी उघडलेच नव्हते. एकीकडे काढून टाकलेला मेल दुसरीकडे तसाच असतो, आणि जो हवा असतो तो मात्र सगळीकडून गेलेला असतो. तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: तुमच्या मेलची खरी प्रत कुठे आहे, आणि नुसत्या नकला कुठे? याचं उत्तर एकदा नक्की झालं की सेटिंगमधले निम्मे पर्याय आपोआप कळायला लागतात. ते नक्की नसेल तर कितीही चांगलं ॲप घेतलं तरी गोंधळ मिटत नाही.

म्हणून कुठल्या ॲपमध्ये कुठलं बटण दाबायचं यापेक्षा आत काय चालतं यावर इथे भर देणार आहे. बटणांच्या जागा सारख्या बदलतात, आतली रचना मात्र कित्येक वर्षं जवळपास तीच आहे.

पाठवणं वेगळं, वाचणं वेगळं

ईमेलमध्ये पाठवण्याचं काम आणि वाचण्याचं काम दोन स्वतंत्र यंत्रणांकडे असतं. पाठवण्यासाठी एसएमटीपी नावाची पद्धत आहे, १९८२ साली ठरलेली. तुम्ही 'पाठवा' दाबलंत की तुमचं ॲप तो मेल तुमच्या सेवेच्या सर्व्हरकडे, म्हणजे जीमेलसारख्या सेवेच्या सतत चालू असणाऱ्या कॉम्प्युटरकडे, सोपवतं, तो सर्व्हर समोरच्या माणसाच्या सर्व्हरकडे पोचवतो, आणि तिथल्या मेलबॉक्समध्ये मेल पडला की एसएमटीपीचं काम संपलं. तिथून पुढे तो माणसाच्या डोळ्यांसमोर कसा यायचा हे काम पॉप, आयमॅप किंवा कंपन्यांच्या स्वतःच्या पद्धती करतात.

ही फारकत नीट लक्षात ठेवा. पाठवलेल्या मेलची एक प्रत तुमच्याकडे राहावी, याची कसलीही जबाबदारी एसएमटीपीवर नाही. 'सेंट' फोल्डरचे बहुतेक घोळ इथेच जन्माला येतात.

पॉप: उतरवून घ्या आणि पुसा

पॉपची पहिली आवृत्ती १९८४ची, आणि आजही वापरात असलेली तिसरी आवृत्ती मूळची १९८८ची. तेव्हा सर्व्हरवरची जागा फार महाग होती, जोडणी बऱ्याचदा टेलिफोनच्या तारेवरून थोड्या वेळापुरती मिळायची, आणि माणसाकडे एकच कॉम्प्युटर असायचा. जोडणी लावायची, आलेले मेल उतरवून घ्यायचे, सर्व्हरवरचे पुसायचे, जोडणी तोडायची. खरी प्रत तुमच्या डिस्कवर. त्या परिस्थितीत हा अगदी शहाणपणाचा मार्ग होता.

पण पॉपला येतं फार थोडं. यादी दे, हा मेल दे, हा मेल पूस: एवढ्याच त्याच्या मुख्य आज्ञा. 'वाचला' अशी खूण सर्व्हरवर ठेवायची सोय त्यात नाही. फोल्डर ही कल्पनाच नाही, जे आहे ते एका पेटीत. आणि तुमच्याकडून सर्व्हरच्या पेटीत काही ठेवायचं म्हटलं तर त्यासाठी आज्ञाच नाही. त्यामुळे पॉपवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवरून पाठवलेल्या मेलची प्रत त्याच कॉम्प्युटरवर राहते. तुम्ही मेहनतीने बनवलेले फोल्डरही तिथेच राहतात. दुसऱ्या यंत्राला त्यांचा पत्ता लागायला वावच नसतो.

लोकांनी दुसरा कॉम्प्युटर घेतल्यावर 'सर्व्हरवर प्रत ठेवा' हा पर्याय लोकप्रिय झाला. सर्व्हर प्रत्येक मेलला एक ओळखखूण देतो, आणि प्रत्येक कॉम्प्युटर आपण आधी उतरवलेल्या खुणांची यादी स्वतःपाशी ठेवतो. यामुळे नवा मेल दोन्हीकडे येतो, एवढं खरं. पण इथवर आल्यावर अनेकांना वाटतं की आता सिंक झालं, म्हणजे सगळी यंत्रं आपोआप जुळलेली राहतील. तसं झालेलं नसतं. दोन कॉम्प्युटर एकाच पेटीतून आपापल्या प्रती काढून घेताहेत, आणि प्रत काढल्यानंतर त्या दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध राहत नाही. एकावर वाचलं, काढलं, हलवलं, तरी दुसऱ्याला ते कळायचा मार्ग नाही.

यातला सगळ्यात त्रासदायक प्रकार असा. डेस्कटॉपवर जुनं पॉप खातं आहे आणि त्यात 'चौदा दिवसांनी सर्व्हरवरून काढा' असा पर्याय कधीकाळी लावलेला आहे. नंतर घेतलेला फोन आयमॅपवर आहे. फोनवर दोन आठवडे सगळं उत्तम चालतं, मग मागचे मेल एकेक करून नाहीसे होऊ लागतात. माणूस फोनला दोष देतो, सेवेला दोष देतो, खातं हॅक झालं असं समजून पासवर्ड बदलतो. प्रत्यक्षात कोपऱ्यातला डेस्कटॉप त्याला दिलेलं काम इमानाने करत असतो. मेल गायब व्हायला लागले की आधी हे शोधा: या खात्याला जोडलेलं, पॉपवर चालणारं एखादं विसरलेलं यंत्र कुठे आहे का? ते मेल बहुधा त्याच यंत्राच्या डिस्कवर सुखरूप असतात.

आयमॅप: मूळ सर्व्हरवर, बाकी सगळ्या नकला

मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात आयमॅपची आखणी केली. पाया असा: खरी प्रत सर्व्हरवरच राहील, आणि तुमचं यंत्र तिच्यावर दुरून काम करेल. आज वापरात असलेलं चौथं रूप १९९४मध्ये आलं, आणि त्याची सगळ्यात अलीकडची सुधारणा २०२१ची. कल्पना इतकी जुनी असूनही ती घराघरांत पोचायला वेळ लागला, कारण सगळे मेल सर्व्हरवर ठेवायचे म्हणजे तिथे जागा हवी. २००४च्या एप्रिलमध्ये जीमेल एक जीबी जागा घेऊन आलं तेव्हा हॉटमेलच्या मोफत खात्यात दोन एमबी मिळत होती. जीमेलला आयमॅपची जोड मिळाली २००७मध्ये, आणि स्मार्टफोनही त्याच सुमाराला पसरू लागले. एका माणसाची तीन-चार यंत्रं होण्याचा काळ आणि सर्व्हरवर भरपूर जागा मिळण्याचा काळ असे जुळून आले.

आता आत काय घडतं ते पाहू. आयमॅपच्या प्रत्येक फोल्डरमध्ये प्रत्येक मेलला एक क्रमांक मिळतो, यूआयडी. तो कायम चढत जातो आणि एकदा दिलेला क्रमांक त्या फोल्डरमध्ये पुन्हा दुसऱ्या मेलला दिला जात नाही. प्रत्येक मेलला काही खुणाही असतात: वाचला, उत्तर दिलं, तारा लावला, काढायचा आहे, मसुदा आहे. तुम्ही फोनवर मेल उघडलात की फोन सर्व्हरला सांगतो, इनबॉक्समधल्या अमुक क्रमांकाला 'वाचला' ही खूण लाव. लॅपटॉप पुढच्या वेळी सर्व्हरशी बोलतो तेव्हा त्याला ती खूण दिसते आणि तो आपल्या पडद्यावरची ठळक अक्षरं साधी करतो. फोन आणि लॅपटॉप एकमेकांशी कधीच बोलत नाहीत. दोघंही फक्त सर्व्हरशी बोलतात, आणि म्हणूनच हा मामला चालतो.

काय काय बदललं हे लॅपटॉपने ओळखायचं कसं, हा त्यातला अवघड भाग. फोल्डरमध्ये चाळीस हजार मेल असतील तर दर वेळी चाळीस हजार खुणा विचारायच्या? जुनी ॲप्स साधारण तेच करायची, आणि म्हणून ती रेंगाळायची. २००६मध्ये आयमॅपला एक जोड मिळाली. तिच्यामुळे सर्व्हर प्रत्येक बदलाला एक वाढता आकडा देतो, आणि ॲप म्हणतं: या आकड्यापर्यंतचं मला माहीत आहे, त्यानंतरचं तेवढं सांग. २००८च्या आणखी एका जोडीमुळे मधल्या काळात कुठले मेल काढले गेले हेही एका फटक्यात कळू लागलं. तुमचं ॲप आणि तुमचा सर्व्हर, दोघांनाही हे येत असेल तर प्रचंड मोठं खातंही काही सेकंदांत जुळतं. एकालाच येत असेल तर नाही. एकच ॲप एका सेवेबरोबर वेगाने आणि दुसरीबरोबर रखडत चालतं, त्याचं हे एक मोठं कारण.

नेट नसताना काय होतं? चांगलं ॲप तुमच्या कृती लिहून ठेवतं आणि जोडणी आली की सर्व्हरला त्याच क्रमाने ऐकवतं. बहुतेक वेळा हे सुरळीत होतं. अडचण येते ती मधल्या वेळात दुसऱ्या यंत्राने त्याच मेलला हात लावला असेल तर. समजा, लॅपटॉपवर नेट नसताना तुम्ही एक मेल वाचलात, आणि दरम्यान फोनवरून तोच मेल 'बिलं' या फोल्डरमध्ये हलवलात. फोल्डर बदलला की मेलला नवा क्रमांक मिळतो. लॅपटॉप नेटवर येऊन सांगतो, इनबॉक्समधल्या अमुक क्रमांकाला 'वाचला' लाव. तो क्रमांक आता तिथे नाही. आज्ञा वाया जाते आणि 'बिलं'मधला मेल न वाचलेलाच राहतो. हे नुकसान किरकोळ आहे, पण कधीमधी दिसणाऱ्या अशा विसंगतींमागे कुणाचा बिघाड नसतो, हे कळलं की जीव उगाच टांगणीला लागत नाही.

आणखी एक प्रसंग घाबरवणारा असतो. एके दिवशी ॲप अचानक सगळे मेल पहिल्यापासून उतरवायला लागतं. सेवेने सर्व्हर बदलला किंवा फोल्डर नव्याने बांधला की जुने क्रमांक भरवशाचे राहत नाहीत. तसं सांगणारा एक वेगळा आकडा प्रत्येक फोल्डरला जोडलेला असतो. तो बदललेला दिसला की ॲपने आपली साठवलेली नक्कल टाकून द्यायची आणि नव्याने घ्यायची, असा नियमच आहे. मूळ सर्व्हरवर शाबूत असतं. चार्जर लावा, वाय-फायवर ठेवा आणि त्याला त्याचं काम करू द्या.

'काढून टाकला' म्हणजे नेमकं काय

आयमॅपमध्ये मेल काढणं हे मुळात दोन पायऱ्यांचं काम आहे. आधी 'काढायचा आहे' अशी खूण लागते, मग वेगळी आज्ञा दिली की खूण लागलेले मेल खरोखर नष्ट होतात. बरीचशी ॲप्स याऐवजी मेल 'ट्रॅश' फोल्डरमध्ये हलवतात. काही नुसती खूण लावतात आणि मेल लपवतात. त्यामुळे एका ॲपमध्ये लपलेला मेल दुसऱ्यात मधोमध रेघ मारलेला दिसू शकतो. दोन्ही ॲप्स आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त त्यांच्या सवयी जुळत नाहीत. सगळ्या यंत्रांवर 'काढलेले मेल ट्रॅशमध्ये हलवा' हाच पर्याय ठेवणं मला सगळ्यात सुरक्षित वाटतं.

जीमेलचं प्रकरण थोडं निराळं आहे, कारण आतून त्याला फोल्डर नाहीत, लेबलं आहेत. एकाच मेलला तीन लेबलं असू शकतात, आणि आयमॅपमधून पाहणाऱ्या ॲपला तो तीन फोल्डरांत वेगवेगळा दिसतो. शिवाय 'ऑल मेल' या फोल्डरमध्ये जवळपास सगळंच पुन्हा असतं. म्हणून एखादं ॲप तोच मेल दोन-तीनदा उतरवतं आणि डिस्क भरते. जीमेलच्या वेबवरच्या सेटिंगमध्ये कुठली लेबलं आयमॅपला दाखवायची हे निवडता येतं. लॅपटॉपवर जागेची चणचण असेल तर 'ऑल मेल' तिथे बंद करावं. एखाद्या लेबलच्या फोल्डरमधून मेल काढला तर तो जातो का नुसतं लेबल निघतं, हेही तिथल्या सेटिंगवर ठरतं. मूळ सेटिंगमध्ये मेल संग्रहात राहतो. जागा मोकळी करायला हजारो मेल काढावेत आणि आकडा हलू नये, याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

सेंट आणि ड्राफ्ट: जिथे सगळे अडतात

पाठवणारी यंत्रणा वेगळी, हे आठवा. आयमॅपवरचं ॲप मेल पाठवतं तेव्हा ते दोन कामं करतं: एसएमटीपीने मेल रवाना करतं, आणि मग आयमॅपने त्याच मेलची एक प्रत सर्व्हरच्या 'सेंट' फोल्डरमध्ये चढवतं. म्हणजे तोच मेल, जोडलेल्या फाइलींसकट, तुमच्या यंत्रातून दोनदा बाहेर पडतो. पहिलं काम झालं आणि दुसऱ्याच्या वेळी नेट गेलं, तर समोरच्याला मेल मिळतो पण तुमच्या 'सेंट'मध्ये तो नसतो. जीमेलसारख्या काही सेवा स्वतःच्या एसएमटीपीतून गेलेल्या मेलची प्रत सर्व्हरवर आपणच ठेवतात. तिथे ॲपनेही प्रत चढवली तर प्रत्येक मेल 'सेंट'मध्ये दोनदा दिसतो. अशा वेळी ॲपमधला 'पाठवलेल्या मेलची प्रत ठेवा' हा पर्याय बंद करायचा.

दुसरा घोळ नावांचा. एक ॲप 'सेंट' नावाचा फोल्डर बनवतं, दुसरं 'सेंट आयटम्स', तिसरं 'सेंट मेसेजेस'. तिन्ही सर्व्हरवर शेजारी शेजारी नांदतात आणि तुमची पाठवलेली पत्रं तिघांत विखुरतात. कुठला फोल्डर कुठल्या कामाचा हे सर्व्हरने स्वतः जाहीर करावं अशी सोय २०११मध्ये प्रमाण झाली, त्यामुळे नव्या जोडणीत हा त्रास कमी होतो. पण जुन्या खात्यांत तो ठाण मांडून असतो. उपाय कंटाळवाणा आहे आणि एकदाच करायचा आहे: वेबमेलमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून उघडणाऱ्या मेलमध्ये, जाऊन सेवेचा मूळ 'सेंट' फोल्डर कोणता ते पाहा, प्रत्येक यंत्रावरच्या ॲपमध्ये पाठवलेले मेल त्याच फोल्डरमध्ये ठेवायला सांगा, मग बाकीच्या फोल्डरांतले मेल त्यात हलवून ते रिकामे फोल्डर काढा. ड्राफ्ट, ट्रॅश, स्पॅम आणि आर्काइव्हसाठीही हेच. एखाद्या ॲपमध्ये या जागी 'या फोनवर' किंवा 'लोकल फोल्डर' (फक्त त्याच यंत्रावर राहणारा) निवडलेलं सापडलं तर समजा, गुन्हेगार सापडला.

मसुद्यांची गोष्ट याहून बारीक आहे. आयमॅपमध्ये सर्व्हरवर गेलेल्या मेलचा मजकूर बदलताच येत नाही. बदलतात त्या फक्त खुणा. त्यामुळे मसुद्यात तुम्ही दोन ओळी वाढवल्यात की ॲप पूर्ण नवा मसुदा चढवतं आणि जुना काढतं, आणि आपोआप जतन होताना दर थोड्या वेळाने हेच चालू राहतं. जुना काढायच्या आधी जोडणी तुटली तर एकाच पत्राचे दोन-तीन अर्धे मसुदे उरतात. तोच मसुदा लॅपटॉपवर उघडा ठेवून फोनवर पुढे लिहिलात तर दोन वेगळी पत्रं तयार होतात, कारण दोन्ही मजकूर एकत्र गुंफणं आयमॅपच्या कुवतीबाहेरचं आहे. महत्त्वाचं पत्र दोन यंत्रांवर मिळून लिहायचं असेल तर एकावर खिडकी बंद करून, मसुदा जतन झाल्याची खात्री करून मगच दुसऱ्यावर उघडा.

फोनवर उशिरा का येतो

आयमॅपमध्ये ॲप सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवून 'काही नवं आलं की सांग' असं म्हणून थांबू शकतं. ही सोय १९९७ची. ती जोडणी तुटू नये म्हणून ॲपने जास्तीत जास्त २९ मिनिटांनी ती नव्याने मागावी, अशी सूचनाही तिच्याच नियमांत दिलेली आहे. विजेला जोडलेल्या कॉम्प्युटरला हे सोपं जातं. फोनला मात्र बॅटरी वाचवायची असते, म्हणून फोनची यंत्रणा मागे पडलेल्या ॲपला झोपवते. तिथे नव्या मेलची वर्दी बहुधा फोन बनवणाऱ्या कंपनीच्या नोटिफिकेशन यंत्रणेतून येते, नाहीतर ॲप दर पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने स्वतः विचारतं. आयफोनच्या मूळ मेल ॲपमध्ये जीमेल जोडलं तर ते असं ठरावीक वेळाने विचारूनच येतं, तेच जीमेलच्या स्वतःच्या ॲपवर लगेच येतं. लॅपटॉपवर दिसलेला मेल फोनवर दहा मिनिटांनी दिसला तर सिंक बिघडलंय असं समजू नका. ते फक्त अजून झालेलं नाही.

फोनवर जुना मेल शोधूनही सापडत नाही, याचंही कारण साधं असतं. कित्येक ॲप्स फोनवर शेवटच्या काही दिवसांचे किंवा एका महिन्याचे मेल ठेवतात. शोध फक्त तेवढ्यातच घेतला जातोय की सर्व्हरवरही, हे पाहा. 'सर्व्हरवर शोधा' असा पर्याय बहुधा यादीच्या तळाशी असतो.

आयमॅपखेरीजच्या पद्धतीही आहेत. मायक्रोसॉफ्टची एक्सचेंज आणि तिच्यातून फोनसाठी निघालेली ॲक्टिव्हसिंक मेलबरोबर कॅलेंडर आणि संपर्कही एकाच जोडणीतून जुळवतात. ऑफिसचं खातं तशा सर्व्हरवर असेल तर तीच पद्धत निवडावी, उगाच आयमॅपच्या वाटेला जाऊ नये. जेमॅप नावाची नवी खुली पद्धत २०१९मध्ये प्रमाण झाली. ती फोनच्या तुटक जोडणीचा विचार करूनच बनवलेली आहे आणि मला ती मनापासून आवडते, पण ती देणाऱ्या सेवा अजून थोड्या आहेत.

जे आपोआप जुळत नाही

आयमॅप फक्त मेल जुळवतं. संपर्क आणि कॅलेंडर त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी कार्डडॅव्ह आणि कॅलडॅव्ह या वेगळ्या पद्धती आहेत आणि फोनमध्ये त्या वेगळ्या चालू कराव्या लागतात. सही प्रत्येक ॲपमध्ये स्वतंत्र असते. एका ॲपमध्ये लावलेले रंगीत टॅग दुसऱ्यात दिसतीलच असं नाही.

फिल्टरचं मात्र आवर्जून सांगायला हवं. 'अमुक पत्त्यावरून आलेला मेल तमुक फोल्डरमध्ये टाक' असा नियम तुम्ही डेस्कटॉपवरच्या ॲपमध्ये बनवलात, तर तो डेस्कटॉप चालू असेल तेव्हाच लागू होतो. तो बंद असला की सगळं इनबॉक्समध्ये साचतं आणि फोन दिवसभर वाजत राहतो. दोन कॉम्प्युटरांवर वेगवेगळे नियम असतील तर आणखी वाईट: एक कॉम्प्युटर मेल इकडे हलवतो, दुसऱ्याचा नियम त्यावर लागतच नाही, आणि मेल कुठे गेला ते तुम्हाला कळत नाही. नियम सर्व्हरवरच बनवा, म्हणजे वेबमेलच्या सेटिंगमध्ये. तिथे मेल आल्या क्षणी वर्गवारी होते आणि सगळ्या यंत्रांना ती तयार मिळते.

पॉपवरून आयमॅपवर येताना

वर्षानुवर्षं पॉपवर असलेल्या माणसाची भीती रास्त असते: इतकी वर्षं साठवलेलं हरवलं तर? म्हणून क्रम पाळा. आधी त्या कॉम्प्युटरवरच्या मेलच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग सगळ्या यंत्रांवर 'सर्व्हरवरून काढा' हा पर्याय बंद करा. सर्व्हरवर किती जागा आहे ते पाहा, कारण आता सगळं तिथे जायचं आहे. त्याच ॲपमध्ये तेच खातं आयमॅप म्हणून नव्याने जोडा. जुनं पॉप खातं तसंच शेजारी राहू द्या. मग जुन्या फोल्डरांतले मेल आयमॅपच्या फोल्डरांत टाका, एका वेळी थोडे, वर्षावर्षाने. दर टप्प्यानंतर वेबमेल उघडून मेल खरोखर पोचले का ते बघा. हलवण्याऐवजी कॉपी करा, म्हणजे अर्ध्यात नेट गेलं तरी काही बिघडत नाही. सगळं पोचल्याची खात्री झाली आणि काही आठवडे सुरळीत गेले की पॉप खातं बंद करा.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. मेल चढवताना काही ॲप्स 'सर्व्हरवर आल्याची तारीख' आजची टाकतात, आणि मग फोनवर दहा वर्षांपूर्वीची पत्रं आज आल्यासारखी सगळ्यात वर दिसतात. मेलमधली मूळ तारीख शाबूत असते. पहिल्या वीस-पंचवीस मेलची तारीख वेबमेलमध्ये तपासा, चुकत असेल तर दुसऱ्या ॲपने चढवून बघा आणि मगच बाकीचे घ्या.

काही जण याऐवजी ॲपची मेल साठवणारी फाइलच क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवतात, म्हणजे दोन्ही कॉम्प्युटर तीच फाइल उघडतील. हे करू नका. आउटलुक या मेल ॲपची पीएसटी फाइल किंवा थंडरबर्ड या दुसऱ्या ॲपचं प्रोफाइल हे एका वेळी एकाच ॲपने उघडायचं म्हणून बनवलेलं असतं. दोन्हीकडे उघडं राहिलं की क्लाउड सेवा दोन अर्धवट प्रती करते, किंवा फाइल खराब होते. दुरुस्त होईलच याची खात्री नसते.

सिंक आहे, बॅकअप नाही

सगळी यंत्रं नीट जुळली की एक नवा धोका उभा राहतो. एका यंत्रावर चुकून फोल्डर काढला की तो सगळ्या यंत्रांवरून, काही सेकंदांत आणि तितक्याच नीटपणे नाहीसा होतो. चार यंत्रांवर मेल दिसतो म्हणजे चार प्रती आहेत असं मानणं घातक आहे. मूळ एकच आहे. जीमेलचा ट्रॅश तीस दिवसांनी रिकामा होतो, इतर सेवांची मुदत वेगळी असते. खातंच बंद पडलं किंवा कुणी बळकावलं तर तेवढीही मुदत मिळत नाही.

म्हणून सिंकच्या बाहेर असलेली एक प्रत हवी. थंडरबर्डसारख्या ॲपच्या लोकल फोल्डरमध्ये वर्षाचे मेल कॉपी करून ती फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवता येते. जीमेलचं सगळं गूगल टेकआउट या आपला डेटा उतरवून घेण्याच्या सोयीतून एमबॉक्स फाइलच्या रूपात उतरवता येतं. ही साध्या मजकुराची खुली फाइल असते, त्यामुळे पुढे कुठलंही ॲप राहो न राहो, ती उघडायला अडचण येत नाही. आणि इथे पॉपचाही एक चांगला उपयोग उरतो: 'सर्व्हरवर प्रत ठेवा, कधीही काढू नका' असं सेटिंग लावलेलं पॉप खातं एका कॉम्प्युटरवर ठेवलं, तर इनबॉक्समध्ये आलेलं सगळं तिथे साठत जातं आणि सर्व्हरवर काही काढलं गेलं तरी तिथलं जात नाही. इतर फोल्डर मात्र त्यात येत नाहीत, हे ध्यानात ठेवून.

बिघाड शोधताना

कुठलीही विसंगती दिसली की आधी ब्राउझरमध्ये वेबमेल उघडा. तिथे जे दिसतं ते सर्व्हरवर आहे. वेबमेलमध्ये मेल आहे आणि फोनवर नाही, तर दोष फोनचा. वेबमेलमध्येच नाही, तर फोनचं खातं काढून पुन्हा जोडण्यात अर्थ नाही. उलट लॅपटॉपवर अजून दिसत असेल तर आधी त्याचं नेट बंद करा, मेल लोकल फोल्डरमध्ये कॉपी करा, मग पुढचा विचार.

एकच यंत्र मागे राहिलं असेल तर पासवर्ड तपासा. पासवर्ड बदलल्यावर जुना पासवर्ड साठवलेलं एखादं यंत्र कधीकधी काही न सांगता नुसतं थांबतं. मोठ्या सेवांनी ॲपमध्ये थेट पासवर्ड टाकण्याची जुनी पद्धतही बंद करत आणली आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सचेंज ऑनलाइनसाठी ऑक्टोबर २०२२पासून ती टप्प्याटप्प्याने बंद केली. फार जुनं ॲप यामुळे कायमचं अडतं, तिथे नवं ॲप घेण्याला पर्याय नाही. एकाच वेळी किती जोडण्या चालतील यालाही मर्यादा असते, जीमेलवर एका खात्याला आयमॅपच्या १५. एक ॲप चार-पाच जोडण्या सहज उघडतं, त्यामुळे यंत्रं वाढली की शेवटचं यंत्र मधूनमधून नाकारलं जातं. वापरात नसलेल्या यंत्रांवरचं खातं काढून टाका.

फोन हरवला तर पत्रं जात नाहीत, ती सर्व्हरवर असतात. जाते ती गुप्तता, कारण फोनवरची नक्कल आणि आत जाण्याची परवानगी, दोन्ही सापडणाऱ्याच्या हाती लागतात. दुसऱ्या यंत्रावरून खात्याच्या सुरक्षा पानावर जा, जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून तो फोन काढा, पासवर्ड बदला, त्या फोनसाठी वेगळा ॲप-पासवर्ड दिला असेल तर तोही रद्द करा. यामुळे नवे मेल तिथे जाणं थांबतं. आधी उतरलेले मेल पुसायला मात्र फोनची दुरून पुसण्याची सोय वापरावी लागते, आणि ती फोन हरवण्याच्या आधी चालू केलेली असावी लागते.